खुर्च्या मर्यादित, कवी अमर्याद

पुस्तकांच्या दुकानात पुस्तकं विकतात, हा समज आमच्या कोथरूडात आता मागे पडला आहे. कोपऱ्यावरच्या दुकानाबाहेर शनिवारी दुपारी फळा लागतो. त्यावर ‘सायं. ६ वा. काव्यवाचन, गायन, गिटार आणि चहा’ असं लिहिलेलं असतं. खाली बारीक अक्षरांत ‘खुर्च्या मर्यादित’. मध्यंतरी त्याखाली ‘चहाही मर्यादित’ अशी पुरवणी आली होती. ती कोणीतरी ओल्या बोटाने पुसली. पुसणाऱ्याचं नाव कळलं नाही, पण तो श्रोता नसावा. श्रोता आमच्याकडे इतका धीट नाही, आणि मुळात इतका उपलब्धही नाही.

मालकांनी हे सगळं हौसेने सुरू केलं असं कोणी समजू नये. ते गाइड आणि अपेक्षित प्रश्नसंचांवर जगणारे गृहस्थ. जूनमध्ये पाठ्यपुस्तकं, ऑक्टोबरात दिवाळी अंक, फेब्रुवारीत प्रश्नसंच आणि उरलेल्या महिन्यांत मुंजीत द्यायला पु. ल., असं त्यांचं वर्ष ठरलेलं होतं. मग गिऱ्हाइकाने नवी रीत काढली. दुकानात यायचं, पंख्याखाली उभं राहून पुस्तक चाळायचं, ‘छान आहे हो’ म्हणायचं, मुखपृष्ठाचा फोटो काढायचा आणि बाहेर पायरीवर जाऊन तेच पुस्तक फोनवरून मागवायचं. एका गृहस्थांनी तर मागवता मागवता आत डोकावून विचारलं, ‘काका, याची पानं किती आहेत? इथे फोनवर दिसत नाहीये.’ काकांनी सांगितली. सवयीने.

दुकान बंद पडण्याची भीती खोटी नव्हती. टी. एन. शानभागांनी १९४८ साली मुंबईत स्ट्रँड सिनेमाच्या आवारात सुरू केलेलं स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ मध्ये बंद झालं. आमच्या पुण्याच्या कॅम्पातलं मॅनीज हे पुस्तकांचं दुकान त्याआधीच, २०१२ मध्ये गेलं. तिथे आपल्या दोन गाळ्यांचं काय, या चिंतेत मालक असताना त्यांचा पुतण्या बंगळूरहून आला आणि म्हणाला, ‘काका, पुस्तक घरपोच मिळतं. एक्स्पीरियन्स मिळत नाही. तो आपण द्यायचा.’ काकांना यातलं अक्षर कळलं नाही. पण स्पीकर आणि माइक पुतण्या स्वतःच्या पैशाने आणणार होता, एवढं मात्र त्यांना नीट कळलं.

‘पुस्तकांच्या दुकानात कविता! हे आजवर कोणाला सुचलं नसेल,’ असंही पुतण्या म्हणाला. सुचलं होतं. लंडनमध्ये ब्लूम्सबरी भागात हॅरल्ड मन्रो नावाच्या कवीने १९१३ च्या जानेवारीत ‘पोएट्री बुकशॉप’ थाटलं. खाली कवितेची पुस्तकं, तिथेच कवितावाचनं, आणि वरच्या मजल्यावर भाड्याच्या खोल्या, त्याही कवींसाठी. उद्घाटनाच्या गर्दीत रॉबर्ट फ्रॉस्ट होता; त्याचा पहिला संग्रह तेव्हा निघायचाच होता. पुढे विल्फ्रेड ओवेनही तिथे राहून गेला. म्हणजे नावं मोठी. पण धंद्याच्या बाजूने पाहा. घरमालकाने भाडं मागायला जिना चढावा, आणि दार उघडणाऱ्याच्या हातात भाड्याऐवजी ताजी कविता असावी, अशी ती वास्तू. मन्रोने स्वतःचा पैसा त्यात ओतला. १९३२ साली तो गेला, आणि १९३५ मध्ये दुकानही गेलं. मालकांना मी हा इतिहास सांगितला तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, ‘बावीस वर्षं चाललं? मग बरं आहे की.’ आमच्या दुकानाच्या वर कवी राहत नाहीत, सोसायटीचे सेक्रेटरी राहतात. त्यामुळे आमचा कार्यक्रम नऊला संपतो. कवितेला आवर घालण्याचं काम मराठी समीक्षेला जमलं नाही, ते या गृहस्थांनी एका वॉचमनच्या मदतीने केलं.

आणि लंडनपर्यंत जायचं तरी कशाला? पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ निघालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश ही मंडळी चहाला जमत, एकमेकांच्या कविता ऐकत आणि पुढे त्या लोकांसमोर गाऊन म्हणत. कविता कानाने ऐकायची असते हे त्यांनी मराठी माणसाला पटवलं. दोनच वर्षांनी आचार्य अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ काढून या सगळ्या प्रकाराची यथेच्छ टिंगल केली. तेव्हा काव्यगायन आणि त्याची टिंगल, या दोन्ही संस्थांनी पुण्यात शंभरी गाठली आहे. मी दुसऱ्या संस्थेचा साधा वर्गणीदार. नंतर विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी गावोगाव जाऊन कविता ऐकवल्या आणि लोकांनी गर्दी केली. त्या काळाची एक सोय होती. कवी तिघेच आणि तेही व्यासपीठावर. समोर बसलेला माणूस श्रोता आहे हे गृहीत धरता येत असे. आता माइकसमोर एक कवी असतो आणि त्याच्यापुढे, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, तीस.

सहाचा कार्यक्रम पावणेसातला सुरू होतो. आधीचा पाऊण तास ‘हॅलो, हॅलो, वन टू थ्री’ या रचनेत जातो. माझ्या मते संपूर्ण संध्याकाळीतली सर्वांत सुबोध रचना तीच. गाण्याचा भाग पहिला, कारण पेटी बिलाच्या काउंटरवर ठेवलेली असते आणि ती हलल्याशिवाय मालकांना गल्ला उघडता येत नाही. उघडण्याची वेळ फारशी येत नाही, हा भाग वेगळा.

पुस्तकांच्या खोलीत गाणं कसं लागतं, हे एकदा अनुभवावं. चारी भिंतींना छतापर्यंत कागद. कागद आवाज पिऊन टाकतो. घुमारा नाही, आस नाही, सूर तोंडातून निघाला की समोरच्या कपाटात ‘आरोग्य व आहार’ विभागात जाऊन बसतो. न्हाणीघरात रियाझ केलेल्या मंडळींचे फार हाल होतात. तिथे टाइल्सनी इतकी वर्षं दिलेली साथ इथे एकदम काढून घेतलेली असते, आणि स्वतःचा खरा आवाज माणसाला भर सभेत प्रथमच ऐकू येतो. एक वहिनी पहिल्या आलापानंतर थांबल्या आणि ‘माइक खराब आहे’ म्हणाल्या. माइक बंदच होता.

तानपुरा आता फोनात आला आहे. तो दुसऱ्या कोणाच्या फोनात असता तर बरं झालं असतं, पण तो गायकाच्याच फोनात असतो. त्यामुळे गाणं ऐन रंगात आलेलं असताना तानपुरा बंद पडतो आणि एक मंजुळ आवाज पर्सनल लोन देऊ करतो. तबलजींची गोष्ट वेगळी. १९७१ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला बांगलादेशाच्या मदतीसाठी झालेल्या मैफलीत रविशंकरांनी नुसती सतार जुळवली, तर श्रोत्यांनी वादन समजून टाळ्या वाजवल्या होत्या. आमच्याकडे उलट झालं. तबलजींनी वीस मिनिटं झपताल वाजवला, कपाळ पुसलं, हात जोडले, आणि पहिल्या रांगेतल्या काकूंनी आस्थेने विचारलं, ‘लागला का तबला?’

मग गिटार. गिटारवाला मुलगा कॉलेजातला, सज्जन, केस मोठे. त्याला चार कॉर्ड येतात आणि त्या चारांत बसत नाही असं मराठी गाणं अजून लिहिलं गेलेलं नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. अभंग, लावणी, अंगाई, तो सगळं त्या चारांत बसवतो. ऐकताना आधी अंगाई कळत नाही, मग गिटार कळत नाही, आणि शेवटी डोळा लागतो. म्हणजे अंगाई पोचली म्हणायची.

कवितांचा भाग सुरू होण्याआधी सूत्रसंचालक असतो. प्रत्येक कवीला बोलावण्यापूर्वी तो दुसऱ्याच एका मोठ्या कवीच्या चार ओळी म्हणतो, त्यामुळे येणाऱ्या बिचाऱ्याची कविता सुरू होण्याआधीच पडते. सूत्रसंचालकाने चांगल्या कविता म्हणू नयेत, असा ठराव खरं तर साहित्य संमेलनात व्हायला हवा. तिथे एरवीही ठरावांची ददात नसते.

पहिला पेच क्रमाचा. ज्याची कविता झाली त्याची संध्याकाळ संपली, असं सर्व कवींचं मत आहे. पूर्वी नावांची यादी दारावर लावत, तर पहिले पाच कवी स्वतःचं म्हणून झालं की ‘जरा फोन येतोय’ म्हणत बाहेर जात आणि फोन घरापर्यंत चालत असे. शेवटचा कवी मालक आणि मांजर यांच्यासमोर वाचायचा. त्यातलं मांजर दुकानाचं नाही, ते आपखुशीने येतं. मग मालकांनी आपली व्यापारी बुद्धी वापरली. यादी काढून टाकली, नावं चिठ्ठ्या टाकून पुकारायला सुरुवात केली आणि बटाटेवडा शेवटच्या कवितेनंतर ठेवला. वास मात्र दुसऱ्या कवितेपासूनच सोडायचा. तेव्हापासून कोणी हललेलं नाही. कवितेने माणूस बांधून ठेवता येतो, यावर माझा विश्वास बसला तो या वड्यामुळे.

दाद देण्याचं खातं एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांकडे आहे. ते उर्दू मुशायऱ्यांचे व्हिडिओ पाहतात, त्यामुळे ‘इर्शाद’ आणि ‘मुकर्रर’ हे दोन शब्द त्यांच्याजवळ सदैव तयार असतात. पहिला कवीने सुरू करण्यापूर्वी म्हणायचा आणि दुसरा ओळ आवडल्यावर, पुन्हा ऐकण्यासाठी. ते दोन्ही आळीपाळीने म्हणतात. त्यांच्या एका ‘मुकर्रर’मुळे पार्किंगच्या सूचनेचं सूत्रसंचालकाने दोनदा वाचन केलं होतं. मुशायऱ्यात ज्याची पाळी त्याच्यापुढे शमा ठेवायची जुनी चाल आहे. तीही आणू या, असं त्यांनी सुचवलं. मालकांनी चारी भिंतींकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं आणि विमा कोणत्या कंपनीकडे आहे ते सांगितलं. आता पुतण्या कवीच्या चेहऱ्यावर मोबाइलची बॅटरी धरतो. कवी मरगळलेला दिसतो, पण तसं दिसायला कवींची हरकत नसते.

बँक अधिकाऱ्यांचा मुक्तछंदावर राग आहे. त्यांना मात्रावृत्तं पाठ आहेत आणि ओळ कानावर पडली की त्यांची बोटं मात्रा मोजायला लागतात. एका शनिवारी दांडेकर पुलाकडून एक रॅपवाला मुलगा आला. अंगावर ढगळ टीशर्ट, गळ्यात साखळी, टोपी उलटी. आमच्या खुर्च्या आपोआप दोन इंच मागे सरकल्या. मुलाने पाण्याच्या टँकरवर, नगरसेवकावर आणि स्वतःच्या आईच्या पाठदुखीवर एका दमात असं काही ऐकवलं की मुकर्रर म्हणायलाही फट मिळेना. संपल्यावर शांतता. बँक अधिकारी उठले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, ‘इतक्या महिन्यांत यमक जुळवणारा हा पहिला माणूस भेटला. आणि आतली यमकंसुद्धा! बाळ, वृत्त कुणाकडे शिकलास?’ मुलाला वाटलं हे पोलीस केसबद्दल विचारताहेत. तो म्हणाला, ‘काही केलं नाही काका मी.’ आता तो दर खेपेला येतो आणि बँक अधिकारी त्याच्या मात्रा तपासून देतात. त्या दोघांची जोडी हीच या सगळ्या उद्योगाची खरी कमाई आहे, असं मी गंभीरपणे म्हणतो. बाकी नाट्यगृहात, सभागृहात, तिकीट काढून, हे दोघे एका छताखाली आले नसते. इथे आले, कारण एकाला घरातून चालत येता येतं आणि दुसऱ्याला दुकानदाराने दारात अडवलं नाही.

कमाईचा विषय निघालाच आहे, तर मालकांचा हिशेब पाहू. त्यांनी तो बिलाच्या पाठीवर मांडून मला दाखवला. समजा कवितासंग्रह २०० रुपयांचा. त्यावर दुकानदाराला सुटतात तीस टक्के, म्हणजे ६०. गिऱ्हाईक पुस्तकांच्या बाजाराचं, म्हणजे आप्पा बळवंत चौकाचं, नाव घेऊन वीस टक्के सवलत मागतं, म्हणजे ४० गेले. उरले २०. चहा १० चा, वडा २० चा. ‘म्हणजे जो पुस्तक घेतो त्याच्यामागे माझे दहा जातात,’ मालक म्हणाले, ‘आणि जो घेत नाही त्याच्यामागे तीस. त्यामुळे घेणारा मला परवडतो.’ छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे. सरकारने निदान या नफ्यात वाटा मागितलेला नाही, एवढंच त्यातल्या त्यात.

यावर कडी म्हणजे कवी स्वतःचे संग्रह पिशवीतून आणतात आणि वाटतात. फुकट. पुस्तकांच्या दुकानात, गल्ल्यापासून चार फुटांवर, ‘सप्रेम भेट’ लिहून, खाली लफ्फेदार सही करून. संग्रह स्वखर्चाने काढलेले, प्रती माळ्यावर, आणि बायकोने दिवाळीपर्यंत माळा रिकामा करायला बजावलेलं, त्यामुळे त्यांनाही बोल लावता येत नाही. पूर्वी मराठी पुस्तकाची आवृत्ती म्हटलं की अकराशे प्रती असा हिशेब होता. आता कवितासंग्रहाच्या तीनशे काढतात, तरी माळा भरतोच. तीस कवी एकमेकांना तीस संग्रह देतात आणि रात्री प्रत्येक जण जितकी पुस्तकं घेऊन आला तितकीच घेऊन घरी जातो. फक्त लेखक बदललेले असतात. त्यातली काही पुढे रद्दीत जातात, रद्दीतून फुटपाथवर येतात, आणि आपलीच ‘सप्रेम भेट’ वीस रुपयांना परत विकत घेण्याचा योग कवीच्या पत्रिकेत असतो.

मालकांची हमखास विक्री एकच. पाहुण्यांना पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक द्यायचं, ते आयोजक त्यांच्याकडूनच घेतात. पाहुणे भाषणाच्या गडबडीत ते खुर्चीवरच विसरतात. मालक ते पुसून कपाटात ठेवतात. ‘विचारांची श्रीमंती’ नावाच्या एका प्रतीने अशा रीतीने माझ्या डोळ्यांदेखत तीन अध्यक्ष सत्कारले आहेत, आणि अजून कोरी आहे.

आमच्याकडे खराखुरा वाचकही एक आहे. उंच, गप्प, खांद्याला शबनम. तो रोज संध्याकाळी येऊन उभ्याने एक जाडजूड कादंबरी वाचतो आणि जाताना खुणेला बसचं तिकीट घालून ठेवतो. पुस्तक दुकानाचं, तिकीट त्याचं. शनिवारी त्याच्या कपाटासमोरच माइक येतो. एकदा एका कवीने आर्त स्वरात ‘मी कुठे आहे?’ असा सवाल टाकला, तर पाठीमागून वाचक म्हणाला, ‘तुम्ही माझ्या उजेडात आहात.’ त्या दिवशीची सर्वांत मोठी दाद त्याला मिळाली. तेव्हापासून सूत्रसंचालक त्याच्यासाठीही चिठ्ठी टाकतो.

वर्षभराचं पंचांग आता बसलं आहे. २७ फेब्रुवारीला, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, मराठी भाषा गौरव दिनामुळे कवींचा तुटवडा पडतो. त्या एका दिवशी प्रत्येक शाळेला, बँकेला आणि सोसायटीला कवी लागतो, आणि एरवी वड्यासाठी थांबणारे आमचे लोक मानधनाची चौकशी करतात. २१ मार्चला जागतिक कविता दिन. जूनमध्ये पावसाच्या कविता. पाऊस लांबला तरी त्या लांबत नाहीत. १५ ऑक्टोबरला डॉ. कलामांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन असतो, त्या दिवशी वाचनावर इतकी भाषणं होतात की वाचायला वेळ उरत नाही. आणि मग दिवाळी पहाट. साडेपाचला, अभ्यंगस्नान करून, उटण्याच्या वासात, रस्त्यावर सतरंज्या टाकून गाणं. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली दिवाळी अंक काढायची प्रथा पाडली, त्याबद्दल मालक त्या पहाटे मनोमन हात जोडतात. कारण त्या दिवशी लोक गाणं ऐकतात, फराळ खातात आणि चक्क अंक विकत घेतात. गेल्या दिवाळीत सात वाजेपर्यंत सगळा गठ्ठा संपला होता. मालक गोंधळून गेले. विक्रीची सवय राहिली नव्हती.

तेव्हा वाचकहो, तुमच्या पेठेत, उपनगरात, गावात असं एखादं दुकान शनिवारी फळा लावत असेल तर जरूर जा. कविता असेल तर वही घरी ठेवा, नुसते कान घेऊन जा. अशा माणसाची तिथे फार वाट पाहतात. वडा खा. निघताना एक पुस्तक विकत घ्या, पायरीवर नव्हे, आत, काउंटरवर. आप्पा बळवंत चौकाचं नाव काढू नका. सुट्टे नसले तरी अडत नाही, यूपीआय चालतं.